एकशे दहा कोटी म्हणजे चाकणचे चार दिवस

२०१६ च्या उन्हाळ्यात ‘सैराट’नं तिकीटबारीवर सुमारे ११० कोटी रुपये जमवले. ‘अयोध्येचा राजा’पासून, म्हणजे १९३२ पासून मोजलं तर मराठी बोलपटाला तेव्हा ८४ वर्षं झाली होती, आणि तोवर एकाही मराठी चित्रपटानं शंभर कोटींचा उंबरठा ओलांडला नव्हता. वर्तमानपत्रांनी हा आकडा पहिल्या पानावर छापला.

आता हाच आकडा पुण्याजवळच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आणून मोजू. त्या वर्षी पल्सर १५० शोरूमच्या दारात साधारण पाऊण लाखाला मिळत होती. ११० कोटींत अशा गाड्या बसतात १४,६६६. बजाजच्या चाकण कारखान्याची क्षमता वर्षाला बारा लाख गाड्यांच्या आसपास, म्हणजे कामाच्या एका दिवसाला चार हजार. मराठी चित्रपटाचा तोवरचा सगळ्यात मोठा गल्ला एका कंपनीच्या गेटातून चार दिवसांत बाहेर पडतो. त्याच पट्ट्यात फोक्सवागननं २००९ साली कारखाना सुरू केला, त्यात सुमारे ३,८०० कोटी रुपये घातले होते. म्हणजे चौतीस-पस्तीस ‘सैराट’ एका कुंपणात.

गंमत अशी की पिंपरी-चिंचवडमध्ये कुणीही सर्वांत जास्त खपलेल्या गाडीला ‘आजवरची सर्वश्रेष्ठ गाडी’ म्हणत नाही. खपते ती खपते. चांगली कोणती, यावर वेगळं भांडण होतं आणि ते मायलेज, पिकअप, स्पेअर पार्ट, रीसेल अशा मुद्द्यांवर होतं. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हीच माणसं सरळ गल्ल्याचा आकडा फेकतात. कंपनीच्या बसमध्ये एक जण ‘सैराट’चे ११० कोटी सांगतो, दुसरा ‘छावा’चे आठशे कोटी काढतो, तिसरा ‘बाहुबली’वर जातो आणि मागच्या सीटवरचा जुना माणूस ‘शोले’ एवढा एकच शब्द बोलून सगळ्यांना गप्प करतो. ‘आजवरचा सगळ्यात भारी पिक्चर’ असा मुकुट कुणाला द्यायचा, हे या आकड्यांवरून ठरतं का, हे पाहायला आकडे नीट उघडून बघावे लागतील.

पहिली गोष्ट, रुपये बाजूला ठेवायचे आणि तिकिटं मोजायची. ‘सैराट’च्या वेळी मल्टिप्लेक्सचं तिकीट दीडशे-दोनशे आणि तालुक्याच्या टॉकीजचं साठ-ऐंशी होतं. सरासरी शंभर धरली तर ११० कोटी म्हणजे एक कोटी दहा लाख तिकिटं. हा माझा हिशोब आहे, कुठल्या सरकारी वहीतला नाही, पण दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तरी पुढचं चित्र बदलत नाही. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. म्हणजे निगडीपासून दापोडीपर्यंत आणि भोसरीपासून वाकडपर्यंत प्रत्येक माणसानं, पाळण्यातल्या पोरासकट, सहा-सहा वेळा चित्रपट पाहिला असता तर एवढी तिकिटं फाटली असती.

चित्रपटाची लांबी १७४ मिनिटं. एक कोटी दहा लाख माणसं गुणिले १७४ मिनिटं, म्हणजे ३ कोटी १९ लाख तास. एकाच माणसाला हे सगळे तास एकापाठोपाठ एक, न झोपता, न जेवता बघायला बसवलं तर ३,६४० वर्षं लागतील. २०१६ साली त्याचं शेवटचं तिकीट संपवायचं असेल तर त्याला इसवी सनापूर्वी सव्वासोळाशेच्या सुमारास बसावं लागलं असतं. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इनामगावची ताम्रपाषाणयुगातली वस्ती साधारण त्याच काळात उभी राहत होती. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून ती खणून काढली. तिथल्या पहिल्या झोपडीच्या कुडाला माती लागत होती तेव्हा हा गडी नायिकेची, आर्चीची एंट्री बघतोय, आणि त्याच्या डोळ्यांदेखत सातवाहन, यादव, शिवकाल, पेशवाई, इंग्रज येऊन गेले आणि एमआयडीसी आली.

एवढ्या लांबच्या हिशोबानं डोकं गरगरत असेल तर तो पाळ्यांत करा. ३ कोटी १९ लाख तास भागिले आठ, म्हणजे सुमारे ४० लाख पाळ्या. दहा हजार कामगारांची कंपनी वर्षाला तीनशे दिवस चालली तर ३० लाख पाळ्या भरतात. म्हणजे नागराज मंजुळे या तरण्या दिग्दर्शकानं चार कोटी रुपये घालून करमाळा तालुक्यात चित्रीकरण केलं आणि लोकांनी त्यापायी दहा हजार कामगारांच्या कारखान्याचे सोळा महिने खुर्चीत बसून खर्च केले. पैशात ‘सैराट’ चाकणपुढे किरकोळ ठरतो. माणसांच्या वेळेत मोजला तर चाकणच्या बरोबरीनं उभा राहतो. चित्रपटाच्या मोठेपणाचा काही पुरावा आकड्यांत असेलच तर तो मला या वेळेत दिसतो, रुपयांत दिसत नाही.

रुपयांवर तर भरवसाच ठेवू नये. ११० कोटी हा ग्रॉस. त्यातून कर गेला की नेट, नेटमधला साधारण निम्मा टॉकीजवाल्याचा, उरलेला वितरकाचा, त्यातून जाहिरात वजा, आणि मग निर्मात्याच्या हाती पडेल तेवढं. शिवाय त्या काळात मराठी चित्रपटाला राज्यात करमणूक कर माफ होता, हिंदीला नव्हता. २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक करच गेला. म्हणून २०२५ मध्ये ‘छावा करमुक्त करा’ अशी मागणी झाली तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांना सांगावं लागलं की महाराष्ट्रात तो कर आता शिल्लकच नाही. दोन चित्रपटांचे गल्ले शेजारी ठेवताना हे सगळे फरक पुसून टाकले जातात. खर्चाच्या पटीत पाहिलं तरी तोच घोळ. ‘सैराट’नं खर्चाच्या सत्तावीस पट गल्ला केला, ‘अवतार’चा अधिकृत खर्च २३ कोटी ७० लाख डॉलर आणि जगभरचा गल्ला २९२ कोटी डॉलर, म्हणजे बारा पट. पण पटीचाच नियम लावायचा तर १९७५ साली ‘शोले’च्या आधी अडीच महिने लागलेला ‘जय संतोषी माँ’ पुढे जातो. काही लाखांत झालेला हा चित्रपट बघायला लोक टॉकीजच्या दारात चपला काढून आत जात आणि पडद्यावर नाणी फेकत. ‘शोले’ला तीन कोटींच्या घरात खर्च आला होता. पटीच्या जोरावर ‘जय संतोषी माँ’ला ‘शोले’च्या वर बसवायला कोण तयार आहे?

आता कामाच्या गोष्टीकडे येतो. या पट्ट्यातल्या कुठल्याही शॉप फ्लोअरवर गेलात की लाइनच्या टोकाला फळा दिसतो. त्यावर तासागणिक रकाने असतात: प्लॅन, ॲक्चुअल, रिजेक्शन, रिवर्क. प्लॅन ४८०, ॲक्चुअल ४९२, म्हणून सुपरवायझर हसायला लागला तर क्वालिटीवाला येऊन तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवतो. बड्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या भोसरीच्या छोट्या कारखानदाराची झोप या रकान्यानंच उडते. त्याचा हिशोब पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख नगांत किती खराब निघाले, असा होतो. किती माल केला यावर बिल मिळतं, आणि पुढची ऑर्डर किती परत आला यावर अवलंबून असते.

चित्रपटाच्या गल्ल्यात नेमका हा रकाना नाही. मध्यंतराला उठून गेलेल्या माणसाचं तिकीट आणि तीन वेळा परत आलेल्या माणसाचं तिकीट तिथं एकाच भावानं मोजतात. ‘ॲक्चुअल’चा आकडा पोस्टरवर झळकतो, ‘रिजेक्शन’ कुठंच लिहिलं जात नाही. बसमधलं भांडण म्हणूनच कधी मिटत नाही, कारण सगळे एकाच रकान्यावरून भांडत असतात.

तरी रिजेक्शन मोजायची एक आडवाट आहे. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला आणि एकूण गल्ला यांचं प्रमाण काढायचं. पहिल्या तीन दिवसांचं तिकीट पोस्टरनं, ट्रेलरनं, गाण्यानं आणि नटाच्या नावानं विकलेलं असतं. दहाव्या दिवसाचं तिकीट आधी पाहून आलेल्या माणसानं विकलेलं असतं. ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’नं २०१९ मध्ये जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर केले, त्यातले १२० कोटी पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत आले होते, म्हणजे शंभरातले त्रेचाळीस. याउलट ‘टायटॅनिक’ १९९७ मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत २ कोटी ८६ लाख डॉलर आले आणि पहिल्या फेरीचा एकूण आकडा ६० कोटींवर गेला. शंभरातले जेमतेम पाच. तो पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. २००९ चा ‘अवतार’ तिथं दहाच्या आसपास येतो. ‘सैराट’चे पहिले तीन दिवस सुमारे बारा कोटींचे होते, म्हणजे शंभरातले अकरा. उरलेले अठ्ठ्याण्णव कोटी पाहून आलेल्यांच्या तोंडून आले. साताऱ्याकडं रहिमतपूरच्या टॉकीजला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले ते याच लाटेत.

इथं आपल्या पट्ट्याचा एक खास मुद्दा येतो, जो मुंबईच्या ट्रेडवाल्यांच्या तक्त्यात मावत नाही. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. विजेच्या भारासाठी ही वाटणी झाली आणि तशीच अंगवळणी पडली. चित्रपट लागतो शुक्रवारी. म्हणजे ज्याला वीकेंड म्हणून देशभर डोक्यावर घेतात त्या शनिवार-रविवारी इथला लेथवाला, प्रेसवाला, पेंट शॉपमधला माणूस कामावर असतो. त्याचा शो येतो सातव्या दिवशी. तोवर त्याच्याकडे बातमी पोचलेली असते: पाहुण्यानं रविवारी पाहिला, मेव्हण्यानं सोमवारी, खोलीतल्या दुसऱ्या पाळीच्या पोरानं मंगळवारी सकाळी. चौघांना खाऊपिऊसकट हजार रुपये लागतात हे त्याला ठाऊक असतं. गुरुवारचा प्रेक्षक म्हणजे माल तपासून घेणारा प्रेक्षक. एखादा चित्रपट पहिल्या गुरुवारी आकुर्डी-चिंचवडला हाउसफुल्ल असेल तर तो आकडा शुक्रवारच्या दहा हाउसफुल्ल बोर्डांपेक्षा मला जास्त सांगतो. पण त्यावर बातमी कधी होत नाही.

आणि काही प्रेक्षक तर कोणत्याच रकान्यात नसतात. ‘सैराट’ प्रदर्शनानंतर काही दिवसांतच फुटला. सेन्सॉरच्या प्रतीवरून निघालेली ती चोरीची नक्कल मोबाइलमधून मोबाइलमध्ये गेली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांमध्ये तेव्हा एका खोलीत चार-पाच पोरं राहायची, आजही राहतात. कुणी सोलापूरकडचं, कुणी धाराशिवचं, कुणी बीड-लातूरचं. आयटीआय करून सहा महिन्यांच्या नाहीतर वर्षाच्या कंत्राटावर आलेली. उशाला चार्जिंगला लावलेला पाच इंची मोबाइल, एक इअरफोन दोघांत वाटलेला, आणि ‘सैराट’. पडद्यावरचं गाव त्यांच्या तालुक्याच्या शेजारचं आणि पळून जाऊन परक्या शहरात भाड्याची खोली घेणं हे तर त्यांच्या रोजच्या पत्त्यावरचं. उत्तरार्धात पळून गेलेली जोडी हैदराबादेत ज्या खोलीत राहते तशा खोल्या चाकणमध्ये हजारोंनी आहेत. चोरीचं समर्थन मी करत नाही, निर्मात्याचं नुकसान झालंच. एवढंच म्हणतो की चित्रपट ज्यांच्याबद्दल होता त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा आकडा ११० कोटींत धरलेला नाही.

‘छावा’चं गणित वेगळं आहे आणि ते वेगळंच ठेवावं. १४ फेब्रुवारी २०२५ ला लागलेला हा हिंदी चित्रपट. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी, विषय संभाजीराजांचा, आधार शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीचा. जगभरचा गल्ला आठशे कोटींच्या आसपास, त्यातला भारतातला सुमारे सातशे. सरासरी तिकीट सव्वादोनशे धरलं तर भारतातच तीन कोटींवर तिकिटं. ‘सैराट’च्या पावणेतीन पट. आपल्या भागात तर या चित्रपटाला जमिनीचाच आधार होता. चाकण-शिक्रापूर रस्त्यानं कंटेनरच्या रांगेतून पुढं गेलं की वढू बुद्रुक येतं, अलीकडे भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर; संभाजीराजांच्या शेवटाशी जोडलेली ही दोन्ही गावं. खुद्द चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध ५६ दिवस झुंजवला. अशा ठिकाणी ‘छावा’ बघून माणसं रडत बाहेर पडली यात नवल नाही.

पण रडणं कुणामुळे, हा प्रश्न विचारायला हवा. संभाजीराजांच्या शेवटच्या दिवसांची हकिकत साध्या शब्दांत वाचून दाखवली तरी या मुलखात डोळे भरतात. चित्रपटानं त्यात स्वतःचं किती घातलं? विकी कौशलची मेहनत आणि शेवटची चाळीस मिनिटं मी मोजतो. त्याआधीचा बराच भाग एका लढाईतून दुसऱ्या लढाईत उडी मारत जातो आणि येसूबाईंच्या वाट्याला ओवाळण्यापलीकडं फारसं काही येत नाही. शिवाय मंडळांनी, पुढाऱ्यांनी गल्लोगल्ली फुकट खेळ लावले, शाळांच्या शाळा नेल्या. ती तिकिटं हौसेनं काढलेली असतील, पण काढणारा एक आणि बघणारे तीनशे असतील तर तिकिटांच्या आकड्यावरून आवड मोजता येत नाही. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मुघलांचं सोनं खणायला गेले, ही मात्र दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाला न साधलेली कामगिरी!

जुन्या काळात मोठेपण आठवड्यांत मोजायचे. ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून जास्त चालला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ मराठा मंदिरात १९९५ पासून मुक्कामाला आहे. २०१४ च्या डिसेंबरात त्यानं तिथं हजार आठवडे पुरे केले. दादा कोंडक्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली. नऊ गुणिले पंचवीस, म्हणजे कमीत कमी २२५ आठवडे. सव्वाचार वर्षं दादांचं काही ना काही कुठं ना कुठं चालूच. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ला तर दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळवताना बाळासाहेब ठाकऱ्यांच्या शिवसैनिकांना उतरावं लागलं होतं. पण आठवड्यांच्या मोजणीतही लबाडी चाले. पंचविसाव्या आठवड्याची जाहिरात करता यावी म्हणून निर्माते पदरचं भाडं भरून रिकाम्या टॉकीजमध्ये खेळ ओढत. दादांना त्याची गरज पडली नाही. गिरणगावातल्या प्रेक्षकानं त्यांना उचलून धरलं, तरी ‘सर्वश्रेष्ठ मराठी चित्रपट’ अशी यादी कुणी करायला बसलं की दादांचं नाव शेवटाकडं, नाहीतर गाळलेलंच. इथं मला यादी करणाऱ्यांचा संशय येतो. नऊच्या नऊ वेळा रिजेक्शन शून्याच्या जवळ ठेवणं ही गंमत नाही.

यादी करणाऱ्यांचाही आकडा सांगतो. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांचा कौल घेतं. १९६२ ते २००२ ‘सिटिझन केन’ पहिला, २०१२ ला ‘व्हर्टिगो’, २०२२ ला शांताल अॅकरमनचा ‘जान दिएलमान’. आपला ‘पथेर पांचाली’ पस्तिसाव्या जागी. २०२२ च्या कौलात मतं देणारे समीक्षक होते १,६३९. चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एका पाळीला याहून जास्त ताटं उठतात. तिकडं आयएमडीबीवर लाखोंच्या मतांनी वर्षानुवर्षं पहिला आहे ‘शॉशँक रिडेम्प्शन’, जो १९९४ मध्ये पहिल्या फेरीत स्वतःचा खर्चही वसूल करू शकला नव्हता. म्हणजे जाणकारांचा पहिला, लोकांच्या मतांचा पहिला आणि गल्ल्याचा पहिला हे तिघं एकमेकांच्या गावालासुद्धा जात नाहीत.

मग सगळ्या रकान्यांत बरे गुण मिळवणारा कुणी आहे का? आहे, आणि तो आपल्याच इंद्रायणीकाठचा आहे.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये लागला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, त्यांच्या बायकोच्या, आवलीच्या भूमिकेत गौरी. सेंट्रलला तो ५७ आठवडे चालला. ५७ आठवडे म्हणजे ३९९ दिवस. रोज तीन खेळ आणि प्रत्येक खेळाला फक्त चारशे माणसं धरली तरी एका टॉकीजमध्ये पावणेपाच लाखांच्या वर प्रेक्षक होतात. १९३१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या होती ११ लाख ६१ हजार. शहरातल्या दर दहा माणसांमागे चार, तेही एकाच इमारतीत.

त्या काळात हा चित्रपट साठ लाख लोकांनी पाहिला, असा आकडा चित्रपटांच्या इतिहासात सांगितला जातो. तो खरा धरून हिशोब करू. सरासरी तिकीट चार आणे धरलं तर साठ लाख तिकिटांचे झाले पंधरा लाख रुपये. तेवढ्या पैशात आज चाकणच्या कारखान्यातून एक बरीशी एसयूव्ही निघते. गल्ल्याच्या यादीत ‘संत तुकाराम’ला आज उभंसुद्धा करणार नाहीत. पण आता माणसांनी भागा. १९३१ मध्ये मराठी बोलणारे होते दोन कोटींच्या थोडे वर; त्यातले साठ लाख म्हणजे शंभरातले अठ्ठावीस-एकोणतीस. २०११ मध्ये मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. ‘सैराट’ची एक कोटी दहा लाख तिकिटं म्हणजे शंभरातली तेरा. काही जण दोनदा-तीनदा गेले असतील, पण ते दोन्हीकडं गेले असतील. साठ लाख ही दुपटीहून जास्त फुगवलेली थाप निघाली तरच ‘सैराट’ पुढं जातो. आणि १९३६ ला गावोगावी टॉकीज नव्हत्या. जत्रेतल्या तंबूत, फिरत्या यंत्रावर, बैलगाड्या जुंपून आलेल्या लोकांनी पाहिलेला तो चित्रपट आहे. या मापानं जगातले आकडे पाहिले तर ‘गॉन विथ द विंड’ची एकट्या अमेरिकेत सगळ्या फेऱ्या मिळून वीस कोटींच्या आसपास तिकिटं गेली आणि १९४० ला त्या देशाची लोकसंख्या होती १३ कोटी २० लाख. ‘शोले’चे अंदाज पंधरा ते पंचवीस कोटी तिकिटांचे, १९७१ चा भारत पंचावन्न कोटींचा. ही सगळी माणसांनी मोठी झालेली नावं आहेत.

१९३७ च्या व्हेनिस महोत्सवात ‘संत तुकाराम’ जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणला गेला. म्हणजे बैलगाडीतला शेतकरी आणि व्हेनिसचा परीक्षक यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. हे ‘एंडगेम’लाही जमलं नाही आणि ‘जान दिएलमान’लाही.

का झालं असेल? माझ्या मते त्याचं उत्तर विमानात नाही, आवलीत आहे. पुष्पक विमानाचा चमत्कार त्या काळच्या प्रेक्षकाला भावला असेल, पण आज तो दोरीनं ओढलेला दिसतो. आवली मात्र आजही जिवंत आहे. तुकोबा डोंगरावर जाऊन बसलेत आणि ही बाई डोक्यावर टोपली घेऊन, तोंडानं चालू ठेवून, चढण चढत भाकरी घेऊन येते. आणि रागावलेलीच त्यांना जेवायला घालते. देव, वैराग्य, मुक्ती या सगळ्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं, हे त्या भाकरीच्या प्रसंगात व्याख्यान न देता दिसतं. त्या प्रसंगात संत कोण, असा प्रश्न मला पडतो आणि चित्रपट तो मिटवत नाही. नव्वद वर्षांपूर्वी भक्तिपटात हे धाडस करणं आणि तरीही वारकऱ्याला न दुखवणं, हे रिजेक्शन शून्य ठेवण्याचंच काम.

तो भंडाऱ्याचा डोंगर आज तळेगाव-चाकण रस्त्यावरून दिसतो आणि भामचंद्राच्या डोंगराखाली चाकण एमआयडीसीचा दुसरा टप्पा पसरलाय. दिंडीतला वारकरी आणि जेसीबी एकाच वळणावर समोरासमोर येतात. इथल्या खोल्यांमधल्या पोरांना ‘सैराट’ पाठ आहे, ‘छावा’मधली गारद पाठ आहे, ‘संत तुकाराम’ त्यांच्यातल्या फार थोड्यांनी पाहिला असावा. या मुद्द्यावर माझ्या निकालाला धक्का बसतो, हे मान्य केलं पाहिजे. ‘शोले’ १९७५ नंतर जन्मलेल्यांनीही पाठ केला. ‘संत तुकाराम’ची नवी पिढी तशी तयार झाली नाही, कारण तो दाखवणारं कुणी उरलं नाही.

तरीही निकाल द्यायचा तर मी असा देईन. मराठीत पहिला ‘संत तुकाराम’. ‘सैराट’ आपल्या काळातला सगळ्यात जास्त माणसांचा वेळ घेतलेला आणि त्या वेळेला लायक ठरलेला मराठी चित्रपट. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ गल्ल्यात त्याच्या जवळ आला. बायका टोळ्या करून, नटूनथटून, गॉगल लावून गेल्या आणि मराठी टॉकीजला असा प्रेक्षक असतो हे निर्मात्यांना तेव्हा कळलं. पण सर्वश्रेष्ठ म्हणायचं तर ‘सैराट’ नागराज मंजुळ्यांचाही सर्वश्रेष्ठ नाही. ‘फँड्री’ त्याच्याहून घट्ट विणलेला, जास्त अवघड आणि जास्त काळ टोचणारा चित्रपट आहे, आणि त्याचा गल्ला कुणालाच पाठ नाही. ‘सैराट’चा शेवट आणि त्या शेवटाआधीचा शहरातला तास काढून घेतला तर उरतो तो अजय-अतुलच्या गाण्यांवर तरंगणारा, देखणा पण ओळखीचा पूर्वार्ध. त्या गाण्यांचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत झालं, चार कोटींच्या चित्रपटासाठी! ही हिंमत मला ११० कोटींच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

बसमधल्या मंडळींसाठी एक शेवटचा आकडा. एप्रिल २०२५ मध्ये बजाजनं जाहीर केलं की २००१ पासून २ कोटी पल्सर विकल्या गेल्या. पहिला कोटी व्हायला सतरा वर्षं लागली, दुसरा सहा वर्षांत झाला. म्हणजे ‘सैराट’ची तिकिटं जेवढी फाटली त्याच्या जवळपास दुप्पट मोटारसायकली, आणि एकेक गाडी शंभर रुपयांच्या तिकिटाच्या साडेसातशे पट महाग. तरी पल्सर बरी की दुसरी कुठली, हे भांडण अजून मिटलेलं नाही. ‘छावा’चं भांडणही तूर्त चालू द्यावं, फुकटच्या खेळांचा जोर ओसरून दहा-पंधरा वर्षं गेली आणि कुणी गुरुवारच्या सुट्टीला पदरचे पैसे मोडून तो पुन्हा लावून बघितला, तर मग बोलू.